व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम किती दिवसांचा?

नोकरीची सगळी वर्षं मी हिशेब तपासण्यात घालवली. दुसऱ्याच्या वहीतली चूक मला लांबून दिसायची. आणि पहिल्याच अमेरिकावारीत माझ्या नवऱ्याच्या कागदांमधली तारीख मला तब्बल तीन महिने दिसली नाही! तेव्हापासून मी परदेशातल्या मुक्कामासाठी वेगळी वही ठेवते. मुलगा अमेरिकेत, लेक जर्मनीत, आम्ही दोघं निवृत्त. वर्षातले कितीतरी महिने आम्ही कुठल्या ना कुठल्या देशात पाहुणे असतो. ओळखीतले आईवडील निघायच्या आधी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मुळातली गोष्ट आधी. व्हिसावर छापलेली शेवटची तारीख म्हणजे परतायची तारीख, असा आमचा समज होता. ती तारीख इतकंच सांगते की त्या दिवसापर्यंत तुम्ही त्या देशाच्या दाराशी उभं राहून ‘आत येऊ का’ असं विचारू शकता. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे दारावरचा अधिकारी किंवा त्या देशाचा नियम ठरवतो. भारतीयांना अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, म्हणजे बी-१/बी-२, बहुधा दहा वर्षांचा मिळतो. आमचे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने तो हातात ठेवताना सांगितलं, “आता दहा वर्षं निर्धास्त!” आम्हीही निर्धास्त झालो.

विमानतळावर अधिकाऱ्याने दोघांचे पासपोर्ट पाहिले, बोटांचे ठसे घेतले, कशाला आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार असं विचारलं आणि सोडलं. पर्यटकाला साधारणपणे सहा महिने मिळतात, तेवढेच मिळाले असणार असं आम्ही धरून चाललो. खरी तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी हा कागद पासपोर्टात टाचून मिळायचा. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तो संगणकावर गेला, त्यामुळे हातात काहीच येत नाही आणि बघायची आठवणही राहत नाही. तिसऱ्या महिन्यात सुनेने सहज म्हणून दोघांची नोंद काढली. मला पुरते सहा महिने होते. ह्यांना चार आणि वर काही दिवस, कारण ह्यांच्या पासपोर्टाची मुदत तेव्हा संपत होती आणि अधिकाऱ्याने मुक्काम तिथेच तोडला होता. परतीची तिकिटं मात्र दोघांची एकाच दिवसाची, सहाव्या महिन्याच्या शेवटची.

म्हणून पहिलं काम: उतरल्यावर दोन-चार दिवसांत अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरून आय-९४ काढा, छापा, घरातल्या प्रत्येकाची वेगळी वाचा. नवऱ्याला मिळालं तेवढंच बायकोला, असं मुळीच नसतं. नोंद शोधताना नाव पासपोर्टात आहे तसंच घालायचं. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात छापलेलं असतं. मधलं नाव गाळलं की नोंद सापडत नाही आणि उगाच धडकी भरते. पासपोर्ट मध्येच बदलला तर ज्या पासपोर्टावर आत आलात त्याचाच क्रमांक घाला. नोंदीत अधिकाऱ्याकडून खरोखर चूक झाली असेल, म्हणजे व्हिसाचा प्रकार चुकला किंवा जन्मतारीख चुकली, तर सीमाशुल्क खात्याची ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ नावाची कार्यालयं असतात, तिथे दुरुस्त होते. आमच्या बाबतीत ती चूक नव्हती, त्यामुळे तिथे जाऊन उपयोग नव्हता.

ह्यांनी भारतीय वाणिज्य दूतावासाकडून नवा पासपोर्ट करून घेतला. तो आला तेव्हा ह्यांचा चेहरा असा खुलला की जणू प्रश्न मिटला. पण पासपोर्ट नवा झाला म्हणून मुक्काम आपोआप वाढत नाही! त्यासाठी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि तो आय-९४ ची तारीख उलटायच्या आत पोचलाच पाहिजे. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं सांगतं की निदान ४५ दिवस आधी करा. आम्ही जेमतेम तीन आठवडे आधी केला. (जुना पासपोर्ट फेकू नका. त्याचा कोपरा कापून परत देतात, पण त्यातला अमेरिकेचा व्हिसा जिवंत असतो. दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे.)

या अर्जात काय लिहायचं यावर घरात दोन दिवस खल झाला. मुलाला वाटत होतं, भावनिक लिहावं. मी म्हटलं, हिशेब तपासणाऱ्याला भावना नको असतात, आकडे हवे असतात. मग एका पानाचं पत्र केलं: कोण, कधी आले, मुदत कमी का मिळाली, नवा पासपोर्ट कधी झाला, किती दिवस हवेत, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं, तोवरचा खर्च कोण करणार. त्याला जोडून तिकिटाची प्रत, बँकेचं विवरण, मुलाचं पत्र. मागितले फक्त तिकिटाच्या तारखेपर्यंतचे दिवस. “सहा महिने मागून टाका, मिळाले तर मिळाले” असा सल्ला देणारे भेटतात. तिकीट एका तारखेचं आणि मागणी दुसऱ्या तारखेची, हे तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतंच. नवरा-बायको दोघांना मुदतवाढ हवी असेल तर दुसऱ्यासाठी आय-५३९ए जोडायचा. आजारपणामुळे राहायचं असेल तर डॉक्टरच्या पत्रात ‘तब्येत बरी नाही’ एवढं पुरत नाही. अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करू नये, असं स्पष्ट लिहून घ्या.

आम्ही निघालो त्या दिवसापर्यंत निर्णय आलाच नव्हता. हे नेहमीचंच आहे. अर्ज वेळेत गेला असेल तर तो प्रलंबित असताना तिथे राहणं बेकायदा मुक्कामात मोजत नाहीत. पण जुनी तारीख उलटून गेल्यावर तुम्ही तिथे होतात ही गोष्ट नोंदीत दिसतेच. म्हणून अर्ज वेळेत केल्याची पावती जन्मभर जपायची. पुढच्या खेपेला अधिकाऱ्याने ह्यांना बाजूला बोलावून तेच विचारलं. मी पावती काढून दिली, त्याने दोन मिनिटं वाचली, संपलं. ती पावती नसती तर ते संभाषण कसं झालं असतं याचा विचार मी करत नाही.

उशीर झाला तर काय होतं ते नीट समजून घ्या. अमेरिकेत आय-९४ च्या तारखेपेक्षा एक दिवस जरी विनाअर्ज जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि नवा मागायला सहसा मायदेशीच्या वकिलातीतच जावं लागतं. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा राहून बाहेर पडलं की तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं की दहा वर्षं. गंमत अशी की ही बंदी बाहेर पडल्यावर लागू होते, त्यामुळे आत बसलेल्याला काहीच झालेलं नाही असं वाटत राहतं. आणखी एक भ्रम: चार दिवस कॅनडा फिरून आलं की सहा महिने नव्याने सुरू. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परतलात तर बहुधा जुन्याच तारखेवर आत घेतात. नायगारा पलीकडून बघा जरूर, पण त्याने शिल्लक वाढत नाही.

दाराशी बोलताना खरंच बोला, पण तोलून. नातवाला भेटायला, मुलासोबत राहायला आलो, हे खरं आहे आणि पुरेसं आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी हसत हसत सांगितलं की आम्ही आलो म्हणजे मुलाचा पाळणाघराचा खर्च वाचतो. पर्यटक व्हिसावर काम करायची मुभा नाही, आणि समोरच्याला तो विनोद कळला नाही. तासभर बसवून ठेवलं.

आता युरोप. इथे माझ्यातल्या हिशेबनिसाला खरी मजा येते. शेंगेन म्हणजे २९ देशांचं एक घर. कुठल्याही दाराने आत या, दिवस एकाच खात्यात पडतात. नियम: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ‘कुठल्याही’ हा शब्द सगळी भानगड करतो. लोक समजतात की पहिल्या प्रवेशापासून १८० दिवसांचा कप्पा सुरू होतो आणि तो संपला की नवा कप्पा. तसं नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे, आजचा धरून, आणि त्यात आतले दिवस ९० च्या वर गेलेले नसावेत. येण्याचा दिवसही धरतात आणि जाण्याचाही. विमान रात्री पावणेबाराला उतरलं तरी तो अख्खा दिवस खर्ची पडला.

वहीतली दोन उदाहरणं देते.

समजा तुम्ही १ एप्रिल ते ३० मे राहिलात: ६० दिवस. घरी परतलात, आणि पुन्हा १५ ऑगस्टला गेलात. मधे अडीच महिने गेले, तेव्हा आता ९० मिळतील असं वाटतं. पण १५ ऑगस्टपासून मागे मोजलं तर एप्रिल-मे पूर्णच्या पूर्ण आत येतात. शिल्लक ३०. १३ सप्टेंबरला बाहेर पडायलाच हवं. एप्रिलचे दिवस २८ सप्टेंबरपासून गळायला लागतात, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

दुसरं. १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी राहिलात: ५० दिवस. परत १ जूनला गेलात. त्या दिवशी शिल्लक ४०, म्हणून माझ्या व्याह्यांनी १० जुलैचं तिकीट काढलं होतं. मी वही पुढे केली. ९ जुलैला १० जानेवारीचा दिवस १८० दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडतो, आणि मग रोज एक दिवस खर्च होतो, रोज एक जुना दिवस परत मिळतो. २७ ऑगस्टपर्यंत आकडा ८८ वर अडकून राहतो! म्हणजे २९ ऑगस्टपर्यंत, पूर्ण ९० दिवस, राहता आलं असतं. व्याही म्हणाले, “विहीणबाई, हे बरोबर असेल तर मी तिकीट बदलतो.” मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजायचं यंत्र आहे, त्यात तारखा घाला. घातल्या. जुळल्या.

पण थांबा, यंत्राला तुमचा व्हिसा दिसत नाही. व्हिसाच्या चिकटपत्रावर ‘पासून-पर्यंत’ वेगळं आणि ‘मुक्कामाचे दिवस’ वेगळं छापलेलं असतं. पहिल्या खेपेच्या व्हिसावर त्या रकान्यात ९० ऐवजी ३० किंवा ४५ सुद्धा असतात, आणि मग तोच आकडा खरा. ‘पासून-पर्यंत’मध्ये पंधरा दिवसांची जादा सवलत धरलेली असते, विमान पुढेमागे झालं तर असावी म्हणून, ती राहायला दिलेली नसते. ‘किती वेळा’ या रकान्यात १ असेल तर मधेच लंडनला जाऊन परत येता येणार नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आयर्लंडही नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन यंत्रात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. आधी पुसट शिक्का वाचताना अधिकारी कंटाळायचा. यंत्राला कंटाळा येत नाही.

आणि ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलैला गेलात तर नव्वदावा दिवस २८ सप्टेंबर. उलट अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये ‘सहा महिने’ म्हटलं की ते १८१ ते १८४ दिवसही असू शकतात. शब्द जो आहे तोच मोजा.

शेंगेनमध्ये मुदतवाढ जवळजवळ नाहीच असं समजून चाला. आजारपण, विमानं बंद, अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी मिळते, गंभीर घरगुती कारणासाठी ३० युरो घेऊन मिळू शकते. लेकीच्या घरी करमतंय, हे कारण नाही. प्रवास विम्याचा किमान आकडा ३०,००० युरो. विमा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरतो का तेही बघा, आमचा एकदा दोन दिवस आधी संपत होता.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा दोन, पाच, दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला सहाच महिने. त्यांच्या नियमातच लिहिलंय की वारंवार, लागोपाठ भेटी देऊन तिथे घर केल्यासारखं राहायचं नाही. अमेरिकेत तसं लिहिलेलं नाही, पण सहा महिने राहून महिनाभराने पुन्हा दाराशी उभे राहिलात तर ‘तुम्ही नक्की राहता कुठे’ हा प्रश्न येणारच. आम्ही जितके दिवस तिथे, निदान तितके दिवस घरी, असं ठेवलं आहे. हा कायदा नाही, आमची रीत.

कॅनडातल्या मुलांच्या आईवडिलांनी साधा व्हिसा घेण्याआधी सुपर व्हिसा बघावा. आईवडील आणि आजीआजोबांसाठीच आहे, आणि जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं. साध्या व्हिसावर पासपोर्टात दुसरी तारीख लिहिली नसेल तर सहा महिने धरायचे. तारीख चुकली तर तिथे ९० दिवसांत पाहुण्याचा दर्जा परत मिळवायचा अर्ज करता येतो, ही सवलत अमेरिकेत नाही. फी घेऊन सल्ला देणाऱ्याला कॅनडात परवाना लागतो. आधी तो मागा.

थायलंडमध्ये लांब मुक्कामी असणाऱ्यांचा एक नेहमीचा घोटाळा: दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, तो कळवला की लोकांना वाटतं मुदत वाढली. ती दोन वेगळी कामं आहेत. जास्त राहिल्याचा दंड रोज ५०० बाट, कमाल २०,०००. आणि ९० दिवसांहून जास्त झाले तर दंड भरूनही प्रवेशबंदी लागू होते.

उलट बाजूने पाहुणा आपल्या देशात आला की आपलीही जबाबदारी असते, हे मला जावई आले तेव्हा कळलं. ते जर्मन. त्यांना वाटलं, पाच वर्षांचा ई-पर्यटक व्हिसा आहे, चार महिने निवांत राहू आणि लॅपटॉपवर काम करू. या व्हिसावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना एका खेपेला १८० दिवस मिळतात, बाकीच्यांना ९०. पर्यटक व्हिसावर नोकरीचं काम करणं हा वेगळाच धोका. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी प्रवेश व्हिसा असतो, तो घ्यायला हवा होता. पुढच्या खेपेला घेतला, १८० दिवसांहून मोठ्या मुदतीचा, आणि मग आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी केली. ती ऑनलाइन होते. शिवाय परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने २४ तासांत त्याची माहिती कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) भरायचा असतो. हॉटेलवाले भरतात हे आपण पाहिलेलं असतं. घरच्यांनाही तो लागू आहे हे कुणी सांगत नाही. जावई म्हणजे पाहुणा कसला, असं ह्यांचं म्हणणं. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

वही कशी ठेवायची ते सांगते. प्रत्येक माणसाला एक पान. रकाने: आत आल्याची तारीख, दिलेली शेवटची तारीख, त्या तारखेचा पुरावा कुठे ठेवलाय, पासपोर्ट संपण्याची तारीख, विमा संपण्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, दिवसांची बेरीज. महिना अक्षरांत लिहा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर, आपल्याकडे उलट, ०४/०७ चा एप्रिल की जुलै यावर आमच्या घरात भांडण झालेलं आहे. मुक्काम संपायच्या ६० दिवस आधी पानावर लाल खूण. तिकीट नेहमी शेवटच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधीचं. निघण्याआधी पासपोर्टात मुक्काम संपल्यावर आणखी सहा महिने शिल्लक आहेत का पाहा. नसतील तर आधी पासपोर्ट, मग तिकीट. ह्यांच्यासारखं नको.

आणि तारीख चुकलीच असेल तर लपून बसू नका. दिवस वाढू द्यायचे नाहीत, परवानाधारक वकिलाला लगेच विचारायचं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का’ या प्रश्नाला हो लिहायचं. जास्त राहणं पुष्कळदा समजून घेतात. खोटं लिहिणं घेत नाहीत.

घरी पोचल्यावर शेवटचं एक काम. बाहेर पडल्याची नोंद झाली का ते बघा. अमेरिकेच्या त्याच आय-९४ च्या संकेतस्थळावर ये-जा दिसते. विमानाने निघालात तर बहुधा नोंद असते, गाडीने सीमा ओलांडलीत तर कधीकधी राहून जाते. बोर्डिंग पास, घरी परतल्याचा शिक्का, हे पुरावे सांभाळा. आमचे बोर्डिंग पास एका जुन्या पाकिटात आहेत. काहींवरची शाई उडाली आहे, म्हणून आता उतरल्या उतरल्या मी त्यांचा फोटो काढते आणि हे सामानाच्या पट्ट्यापाशी एकटेच बॅगा ओढत उभे असतात.